फोटो स्टॉप, दहा मिनिटं

कोच टूरला गेलेला माणूस समुद्र बघत नाही, किल्ला बघत नाही, शहर तर मुळीच बघत नाही. तो घड्याळ बघतो. समुद्र त्याच्या पाठीमागे असतो, फोटोत येण्यापुरता. हे आधी कुणी सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता म्हणा, कारण लेकीने पैसे भरून टाकले होते, आणि पैसे भरलेली गोष्ट सोडून देणं आमच्या घराण्यात बसत नाही.

पावसाळा चुकवायला म्हणून जूनमध्ये अंधेरी सोडून आम्ही लेकीकडे डब्लिनला गेलो. तिथे रोजच पाऊस. फक्त त्याला तिथे कुणी पाऊस म्हणत नाही. 'आई, एक दिवस तुम्ही दोघं उत्तर आयर्लंड करून या,' लेक म्हणाली. करून या! जसं काही कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळण आणायचंय. डब्लिनहून सकाळी साडेसहाला बस, जायंट्स कॉजवे नावाचे जगप्रसिद्ध दगड, समुद्रावरचा दोरीचा पूल, पडका किल्ला, मग बेलफास्ट शहर, आणि रात्री आठला परत. एवढ्या वेळात आम्ही पुण्याला एका मुंजीला जाऊन येतो, आणि तेवढ्यानेच दोन दिवस पाय दुखतात.

आमच्या ह्यांचा स्वभाव इथे सांगायला हवा. नोकरीभर ह्यांनी अंधेरीहून आठ सातची चर्चगेट पकडली. गाडी आपल्यासाठी थांबत नसते, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. त्यामुळे साडेसहाच्या बससाठी आम्ही पावणेसहाला ओ'कॉनेल रस्त्यावर उभे. तिथे एकशेवीस मीटर उंच स्टीलचा सुळका आहे, त्याच्या खाली आम्ही दोघं आणि एक कबूतर. बस आल्याबरोबर ह्यांनी ड्रायव्हरमागच्या सीटवर रुमाल टाकला आणि निर्धास्तपणे बाहेर येऊन उभे राहिले. एसटीत टाकलेल्या रुमालाला जी घटनात्मक प्रतिष्ठा आहे ती युरोपात नाही. आम्ही चढलो तेव्हा त्या सीटवर एक जर्मन जोडपं बसलं होतं आणि रुमाल 'कुणाचा तरी पडलाय' म्हणून गाइडबाईंनी हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत जमा केला होता. तो परत मागताना ह्यांना जे वाटलं ते निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नसेल.

दुसरी निराशा सीमेवर झाली. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचा भाग, म्हणजे दुसरा देश. भारतीय पासपोर्टवर ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा शेरा असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. तो शेरा आमच्या व्हिसावर आहे की नाही हे लेकीने तीनतीनदा तपासलं होतं, तरीही ह्यांनी फाइल घेतलीच. पासपोर्ट, झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट, सोसायटीचा शेअर सर्टिफिकेट नंबर. सीमा आली की दाखवू. आम्ही वाट बघतोय, सीमा येईचना. शेवटी गाइडबाई म्हणाल्या, 'सीमा दोन मिनिटांपूर्वी गेली.' रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली, पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल आले, संपलं. ना चौकी, ना बांबू, ना शिक्का. वाशीच्या टोलनाक्यावर याहून जास्त वेळ गेलाय माझा. ह्यांनी फाइल मांडीवर तशीच धरून ठेवली, न जाणो परतताना विचारतील.

गाइडबाई गोड होत्या, पण त्यांचं प्रत्येक वाक्य मिनिटांत संपायचं. 'हा सुंदर किनारा, आणि तुमच्याकडे आहेत पंधरा मिनिटं.' 'इथे स्वच्छतागृह आहे, बारा मिनिटं.' बसमध्येही एक स्वच्छतागृह होतं, पण ते 'फक्त आणीबाणीसाठी'. आणीबाणी कोणी जाहीर करायची, हे मात्र सांगितलं नव्हतं. बरं, ड्रायव्हरची गंमत वेगळीच. तिथल्या कायद्याने साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घ्यायलाच लागते आणि त्याची नोंद एक यंत्र करतं. म्हणजे त्या अख्ख्या बसमध्ये पंचेचाळीस मिनिटं सलग बसण्याचा हक्क एकाच माणसाला होता, आणि तो आयर्लंडचाच होता. त्याने हे सगळं हजारदा पाहिलेलं.

पहिलं ठिकाण दोरीचा पूल. कॅरिक-अ-रीड. सामन मासा पकडणाऱ्या कोळ्यांनी १७५५ साली पहिला पूल बांधला, बेटावर जायला. आताचा साधारण वीस मीटर लांब आणि समुद्रापासून तीस मीटर उंच. मी रात्रभर मनाची तयारी केली होती. साडी नको, पंजाबी ड्रेस, बूट, आणि पुलावर खाली बघायचं नाही. आणि तिथे पोचलो तर वाऱ्यामुळे पूल बंद! लांबून दाखवला. 'फोटो स्टॉप, दहा मिनिटं.'

फोटो स्टॉप ही काय चीज आहे हे तेव्हा कळलं. बसमधून उतरायचं, टोपी धरायची, लांबवर एक काडी दिसते ती पूल आहे असं मानायचं, फोटो काढायचा, तो फोटो बघायचा, 'डोळे मिटलेत' म्हणून दुसरा काढायचा, आणि चढायचं. ह्यांनी माझा फोटो काढला त्यात पूल नाही, आणि पुलाचा काढला त्यात पूलही नाही.

डनलूस किल्लाही तसाच, रस्त्यावरून. कड्याच्या अगदी टोकावर उभा, अर्धा पडलेला. दंतकथा अशी की १६३९ साली एका वादळी रात्री किल्ल्याचं स्वयंपाकघर आचाऱ्यांसकट समुद्रात कोसळलं आणि कोपऱ्यात बसलेला एक पोऱ्या तेवढा वाचला. मालकीणबाईंनी मग तिथे राहायलाच नकार दिला. इतिहासकारांना ही गोष्ट पटत नाही म्हणे. मला लगेच पटली. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांनी ओटा बाहेर बाल्कनीत काढलाय. एक दिवस तिथेही दंतकथा तयार होणार आहे, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच होणार आहे. हे म्हणाले, 'म्हणजे त्या दिवशी जेवण काय केलं असेल?' बाकी बस हळहळत होती आणि ह्यांना जेवणाची आठवण झाली, कारण साडेअकरा वाजले होते. पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी. बसमध्ये गरम पदार्थ खायला बंदी होती. पुऱ्या गार होत्या, तेव्हा नियम पाळला गेला. चटणीच्या डब्याचं झाकण उघडल्यावर मात्र जर्मन जोडप्याने वळून पाहिलं. रुमालाचा हिशेब तिथे थोडाफार चुकता झाला.

मग आला जायंट्स कॉजवे, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि इथे वेळ किती? दीड तास! बसमध्ये टाळ्या पडल्या. ह्यांनी मात्र बॉलपेन काढलं. व्हिजिटर सेंटरपासून दगडांपर्यंत उताराचा जवळजवळ एक किलोमीटर, जाताना पंधरा मिनिटं. येताना चढ, माझे गुडघे धरून पंचवीस. बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग, वीस. बस सुटण्याआधी पाऊण तास जागेवर हवं ही ह्यांची अट. बेरीज केली तर दगडांच्या वाट्याला उणे पंधरा मिनिटं येत होती. शेवटी मी अट पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आणली, खालपर्यंतच्या छोट्या बसचं वेगळं भाडं भरून गुडघे वाचवले, आणि पस्तीस मिनिटं मिळवली. मंडईतली सगळी पुण्याई इथे कामाला आली.

आणि दगड खरोखर बघण्यासारखे. चाळीस हजारांच्या आसपास खांब, एकमेकांना चिकटून उभे, बहुतेक षटकोनी, मधूनच एखादा पाच बाजूंचा नाहीतर सात बाजूंचा. कोणी पट्टी घेऊन फरशी बसवली असावी आणि ती थेट समुद्रात उतरत गेली असावी असं वाटतं. लाव्हा थंड होताना आकसला, आकसताना तडे गेले, तडे खाली खाली जात राहिले आणि हे खांब झाले. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी. १९८६ पासून जागतिक वारसा. तिथल्या लोकांना मात्र लाव्ह्यापेक्षा राक्षस आवडतो. फिन मॅकूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला म्हणून समुद्रात ही वाट बांधली. पलीकडचा राक्षस केवढा आहे हे पाहिल्यावर हा पळत घरी आला. बायकोने, ऊनाने, त्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवलं. स्कॉटलंडवाल्याने येऊन 'बाळ' पाहिलं, मनात म्हणाला, बाळ एवढं तर बाप केवढा, आणि वाट उखडत परत पळाला. पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर असेच खांब आहेत, हा पुरावा. इकडे कॉजवेवर राक्षसाचा बूट म्हणून दगड आहे, त्याचा उंट आहे, त्याची आजीदेखील आहे. सगळं ज्या बाईने निभावलं, तिच्या नावाचा दगड मला कोणी दाखवला नाही. मी दोघांना विचारलं.

'काळे ओले दगड निसरडे असतात, त्यावर पाय ठेवू नका,' अशी सूचना होती. सगळेच दगड काळे आणि सगळेच ओले. फटींमध्ये लोकांनी नाणी खुपसलेली. आपल्याकडचीच मंडळी असणार असं वाटून मला शरम वाटली, पण नाही, हे जगभरचे लोक करतात. ती नाणी गंजून फुगतात आणि दगडाचे टवके उडतात, म्हणून आता नका करू असं तिथली संस्था हात जोडून सांगते आहे. हे सगळं मी वाचत असताना ह्यांचा चेहरा मात्र बदलत गेला.

'अगं, हे आपल्याकडे आहे.'

'काय?'

'हेच. गिल्बर्ट हिल.'

आणि खरंच की! अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजच्या बाजूला, इमारतींच्या मधोमध काळा कातळ उभा आहे. तोही बेसॉल्टचा, तेही खांबच, एकसष्ट मीटर उंच, वर गावदेवीचं देऊळ. आणि वय सहा कोटी साठ लाख वर्षं. म्हणजे यांच्याहून थोरला! घरापासून रिक्षाने मीटरच्या पहिल्या टप्प्यात येणारा दगड सोडून आम्ही विमानाने, व्हिसाने, फाइलने त्याच्या धाकट्या भावाला भेटायला आलो होतो. ह्यांची छाती एवढी फुगली की उरलेली अकरा मिनिटं त्यांनी समुद्राकडे पाठ करून मला अंधेरीचं माहात्म्य सांगण्यात घालवली.

बेलफास्टला दोन पर्याय होते. टायटॅनिकचं म्युझियम किंवा काळ्या टॅक्सीतून शहराच्या भिंती. टायटॅनिक इथलीच, १९११ साली इथल्याच गोदीतून पाण्यात उतरली. 'इथून निघाली तेव्हा धडधाकट होती,' असं छापलेले टी-शर्ट इथे विकतात. आमच्या सोसायटीच्या वॉटरप्रूफिंगवाल्यानेही अगदी हेच सांगितलं होतं. आम्ही टॅक्सी घेतली. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांमध्ये दंगे होऊ नयेत म्हणून १९६९ पासून उभ्या राहिलेल्या उंचच उंच भिंती. मुळात तात्पुरत्या. १९९८ साली शांतता करार झाला, २०१३ साली दहा वर्षांत, म्हणजे २०२३ पर्यंत, सगळ्या पाडायचं ठरलं, तरी आहेत. काही ठिकाणची फाटकं अजूनही रात्री बंद होतात. टॅक्सीवाला स्वतःच्या लहानपणाबद्दल दोनच वाक्यं बोलला आणि त्यानंतर आम्ही घड्याळ पाहिलं नाही, दिवसात पहिल्यांदा. भिंतीवर जगभरच्या लोकांनी शांततेचे निरोप लिहिलेत. त्याने ह्यांच्या हातात जाड मार्कर दिला. नवं पेन हाती आलं की ह्यांचा हात जे लिहितो तेच लिहिलं: 'श्री'. मग पुढे काय लिहावं ते सुचेना. टॅक्सीवाल्याने अर्थ विचारला. 'सुरुवात,' हे म्हणाले. त्याने मान डोलावली, आणि आम्ही बसकडे पळालो.

बस आमच्यासाठी थांबली होती! सगळी बस भरलेली, जर्मन जोडपं घड्याळ दाखवतंय, गाइडबाई दारात. ह्यांच्या आयुष्यात गाडी पहिल्यांदा थांबली. परतीच्या अडीच तासांत ते याच आनंदात होते, आणि त्याच भरात त्यांनी जर्मन आजोबांना अंधेरीच्या दगडाबद्दल सांगितलं. आजोबांनी डायरी काढली. कसं जायचं? हे सांगत होते, ते लिहून घेत होते. चर्चगेटहून स्लो लोकल, अंधेरीला वेस्टला उतरायचं, रिक्षा.

'वरून कसं दिसतं?' आजींनी विचारलं.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

'पायऱ्या फार आहेत,' हे म्हणाले, 'आणि रिक्षावाल्याला आधी मीटर टाकायला सांगा.'

आजोबांनी तेही लिहून घेतलं.