जळक्या तेलाने जुनी फियाट वाचत नाही

मे महिना आला की जुन्या गाडीवाल्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरतो: "जळकं ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं करून गाडीखाली फवारा. दिसणाऱ्या गंजावर कोला ओतून घासा, रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं रसायन) मारा. भोकं फायबर आणि लांबीने (पुटीने) बुजवा, वरून काळं अंडरकोटिंग करा, प्लास्टिकचं कव्हर बांधा. पत्रा कापायची गरज नाही. दहा वर्षं बघायला नको." फियाट ११०० डिलाइट आणि पद्मिनी या गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे हा सल्ला त्यांच्यासाठी धोक्याचा आहे.

जळकं ऑइल. तेलाचा थर थोडे दिवस पाणी रोखतो, एवढं खरं. पण वापरलेल्या तेलातले गंजरोधक घटक संपत आलेले असतात, आणि इंजिनात तयार झालेली आम्लं, पाणी व धातूचा चुरा त्यात उतरलेला असतो. रस्त्यावरचं पाणी हा थर धुऊन नेतं आणि मागे उरतो तो धूळ धरून ठेवणारा चिकट लेप. सस्पेन्शनचे रबरी बुश तेलाने फुगतात. ते ब्रेकच्या ड्रममध्ये शिरलं तर लायनर तेलकट होऊन ब्रेक एका बाजूला ओढतो. पुढे तिथेच वेल्डिंग करायचं झालं तर जोडात मुरलेलं तेल पेटतं आणि टाका सच्छिद्र पडतो. शिवाय वापरलेलं तेल कायद्याने धोकादायक कचरा आहे, ते पावसाच्या पाण्याबरोबर गटारात सोडणं गैरच.

गंज खालून लागतो, हा समज. मूळ चूक इथे आहे. या गाड्या बहुतेक आतून सडतात. काचेच्या कडेचं रबर कडक झालं की पाणी दारात उतरतं, आणि दाराच्या तळाची भोकं चिखलाने बुजलेली असली तर तिथेच साचतं. सिल म्हणजे दाराखालची पत्र्याची आडवी पोकळ पट्टी; तिच्या आतही हेच होतं. फ्लोअरवर रबरी मॅटखालचं नमदं (जाड फेल्टचा थर) एकदा भिजलं की आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. बाहेर रंगाचा फुगा दिसतो तेव्हा आतून पत्रा बराच खाल्लेला असतो. म्हणून आधी मॅट आणि नमदं काढा. दारं व सिलच्या निचऱ्याच्या भोकांत नायलॉनची केबल टाय फिरवा, मग दारात वरून लिटरभर पाणी ओता. ते काही क्षणांत खालून गळायला हवं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल ठोकत जा: खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद आवाज आला तर टोकाने दाबून बघा.

कोला. लिटरभर कोलात फॉस्फोरिक आम्ल जेमतेम अर्धा ग्रॅम असतं आणि साखर शंभर ग्रॅमच्या आसपास. जोडांत साखर चिकटून राहते. सुटे होणारे साध्या लोखंडाचे भाग साफ करायला इलेक्ट्रोलिसिस (पाण्यातून वीज सोडून गंज काढणं) चांगलं: प्लास्टिकच्या बादलीत २० लिटर पाणी, पाच-सहा मोठे चमचे धुण्याचा सोडा. १२ व्होल्ट चार्जरची ऋण वायर गंजलेल्या भागाला, धन वायर भंगार लोखंडाच्या पट्टीला. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावर करा. स्प्रिंग आणि स्टिअरिंगचे बोल्ट यात घालू नका, कडक केलेलं पोलाद त्या हायड्रोजनने ठिसूळ होतं.

रस्ट कन्व्हर्टर. तारेच्या ब्रशने पोपडे काढल्यावर उरलेल्या पातळ, घट्ट गंजावर तो उपयोगी आहे. जाड पापुद्र्याखाली मात्र तो पोचत नाही, आणि गेलेली जाडी परत आणत नाही. आम्लाचा अंश नीट न काढता वर एपॉक्सी प्रायमर मारला तर थर सुटतो.

फायबर, लांबी आणि अंडरकोटिंग. लांबी पाणी शोषते. फायबर गंजलेल्या कडेला धरत नाही. वरचं डांबरी कोटिंग पुढे तडकतं आणि फटीतून शिरलेलं पाणी आतच कोंडतं. निचऱ्याची भोकंही त्यानेच बुजतात. सिल सडलेलं असेल तर कापावंच लागतं: चकचकीत पत्रा लागेपर्यंत. कापण्याआधी गाडी सपाट जागी स्टँडवर घ्या, दाराच्या चौकटीत अँगलचा आधार टाका आणि एका वेळी एकच बाजू उघडा. नाहीतर बॉडी खचते आणि दार बसत नाही. फ्लोअरला २० गेज (सुमारे ०.९ मिमी), सिलला १८ गेज (सुमारे १.२ मिमी) पत्रा. पत्रा पत्र्यावर चढतो तिथे आतून वेल्डिंगचा झिंक प्रायमर. मिग वेल्डिंगने इंचाइंचावर टाके, जागा बदलत, मध्ये थंड होऊ देत. सलग ओढलं की पत्रा वाकतो. घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, त्यावर जोडांच्या फटी बंद करणारा सीम सीलर, मग रंग. रेड ऑक्साइडचा एकच हात ओलाव्यात फार टिकत नाही.

रंग झाल्यावर लांब नळीने सिल आणि दारांत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा, निचऱ्याच्या भोकातून ते बाहेर येईपर्यंत. नंतर भोकं पुन्हा मोकळी करा.

प्लास्टिक कव्हर. जमिनीची वाफ आत अडकते. छप्पर आणि वारा मिळत असेल तर साधं कापडी कव्हर पुरे.

आणि हे सगळं मे महिन्यात घाईने करू नका. कोकणात, गोव्यात, मुंबईत डिसेंबर ते फेब्रुवारी हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, आणि वॅक्स वाळलेल्या पत्र्यावरच बसतं.