एअर स्प्रिंगने ट्रकची ताकद वाढत नाही

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या कॅम्पिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय: पिकअपला मागे एअर स्प्रिंग (हवा भरायचे रबरी फुगे) बसवा, क्षमता पाच हजार पौंडांनी वाढते, हाफ-टन ट्रक (हलक्या वर्गातला पिकअप) थ्री-क्वार्टर टन (त्याच्या वरच्या वर्गातला) होतो, मागचा भाग सपाट झाला की वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलरचा भार पुढच्या चाकांकडेही वाटणारी जोडणी) लागत नाही, हवा कायम 100 पीएसआय ठेवा, दोन्ही बाजू एकाच नळीवर जोडा म्हणजे वजन आपोआप सारखं होतं, किट कोणतंही चालतं आणि घरच्या घरी बसतं.

माझ्या मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, मागवू का? शनिवारी बसवून टाकतो.’ त्याच्याकडे हाफ-टन ट्रक आहे, भरल्यावर सात हजार पौंडांच्या आसपास जाणारा ट्रेलर आहे, मागच्या सीटवर दोन मुलं असतात आणि उन्हाळ्यात डॅलसहून कोलोरॅडोला जायचा बेत आहे. कोलोरॅडोच्या डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडल्यावरचा तो लांबलचक उतार ज्याने ट्रेलर मागे लावून उतरलाय, त्याला हा मेसेज वाचून घाम फुटेल. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा सल्ल्यावर लोक पोराबाळांना घेऊन निघतात, याचा मला मनापासून संताप आहे.

सगळ्यात घातक मुद्दा पहिला, म्हणून त्यालाच जास्त जागा देतो. पाच हजार पौंड हा आकडा हवेतून आलेला नाही. एअर लिफ्ट आणि फायरस्टोन या कंपन्यांच्या मोठ्या किटांच्या खोक्यावर तो छापलेला असतो. पण तो आकडा गाडी सपाट करण्याच्या क्षमतेचा आहे, म्हणजे त्या रबरी फुग्यांच्या जोडीला किती भार पेलता येतो त्याचा. त्याच खोक्यात माहितीपुस्तिका असते आणि ट्रकच्या उत्पादकाने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, ओलांडू नका, असं तिच्यात स्वच्छ बजावलेलं असतं. माल विकणारी कंपनीच सांगते आहे की क्षमता वाढत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने खोकं वाचलं, पुस्तिका उघडली नाही.

कारण समजून घ्यायला मोठं शिक्षण लागत नाही. ट्रकच्या खाली वाकून बघा. एअर स्प्रिंग कुठे बसते? चासी आणि मागच्या अॅक्सलच्या मधे. म्हणजे ती अॅक्सलच्या वर आहे. आधी जे वजन नुसते पाटे पेलत होते, त्यातलं काही आता हवा पेलते. पण पाटे आणि हवा मिळून जे काही पेलतात ते शेवटी त्याच अॅक्सलवर, त्याच बेअरिंगवर, त्याच टायरवर उतरतं आणि थांबवायला ब्रेकही तेच असतात. खालच्या एकाही भागाला कळतसुद्धा नाही की वर फुगा बसवलाय. थ्री-क्वार्टर टन ट्रकचा अॅक्सल जाड असतो, ब्रेक मोठे असतात, चासी भक्कम असते, चाकाला सहाऐवजी आठ नट असतात. यातलं काहीही त्या खोक्यात येत नाही. गावाकडे पिकअपला जादा पाटे टाकून पासिंगच्या कितीतरी वर माल भरतात ना, तीच समजूत इथे नवं रबर लावून आली आहे.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतात. एकावर जीव्हीडब्ल्यूआर आणि पुढच्या-मागच्या अॅक्सलची वेगवेगळी मर्यादा असते. टायरच्या दाबाची माहिती देणाऱ्या दुसऱ्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नका. तो आकडा तुमच्याच गाडीचा असतो, जाहिरातीतल्या गाडीचा नव्हे. समजा तो 1,500 आहे. आता हिशेब मांडा. सात हजारांच्या ट्रेलरचा टंगवरचा भार, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यातून ट्रकवर येणारं वजन, साधारण 10 ते 15 टक्के असतो. 900 पौंड धरा. नवरा-बायको आणि दोन मुलं, 500. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं वजन, 90. मागच्या बॉडीत जनरेटर, कूलर, सायकली, 250. झाले 1,740. मर्यादेच्या 240 पौंड वर. ‘माझा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो’ असं ब्रोशर दाखवत कितीही सांगा, पेलोड, म्हणजे ट्रकवर टाकायच्या वजनाची ही मर्यादा, आधीच संपलेला असतो. एअर स्प्रिंग, ब्रॅकेट आणि कॉम्प्रेसर यांचं वजनही याच 1,500 मधून जातं. क्षमता वाढवायला घेतलेली वस्तू क्षमता थोडी खाते!

दुसरा मुद्दा, गाडी सपाट झाली म्हणजे काम झालं. हा तितकाच वाईट, कारण डोळ्यांना तो पटतो. मागचं टोक वर आलं की बघणाऱ्याला वाटतं, वजन वाटलं गेलं. तसं होत नाही. हिचचा बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकवतात तो गोळा, मागच्या अॅक्सलच्याही बराच मागे असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 145 इंच आणि अॅक्सलपासून बॉल 60 इंच मागे धरला, तर बॉलवर 900 पौंड टाकल्यावर पुढच्या चाकांवरून जवळजवळ 370 पौंड उचलले जातात आणि मागच्या अॅक्सलवर 1,270 च्या आसपास येतात. 900 चे 1,270! हा तरफेचा साधा हिशेब आहे. पुढचे टायर म्हणजे तुमचं स्टिअरिंग आणि ब्रेकिंगचा मोठा वाटा. हवा भरून मागचं टोक वर आणलंत तरी पुढून गेलेले ते 370 पौंड परत येत नाहीत. ते परत आणतात वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे स्प्रिंग बार. म्हणजे एअर स्प्रिंग लावून तुम्ही त्रास दिसेनासा करता आणि तो दूर करणारी वस्तू काढून ठेवता. उतारावर बाजूने सेमी ट्रक गेला, ट्रेलर डोलायला लागला, की हलकं पडलेलं स्टिअरिंग काय असतं ते कळतं.

दोन्ही वापरायचे असतील तर आधी बॉडीतल्या सामानापुरती हवा भरून ट्रक मूळ उंचीवर आणायचा, मग ट्रेलर जोडून हिच अशी लावायची की पुढच्या चाकाच्या कमानीची उंची पुन्हा आधीच्या मापाजवळ येईल. ट्रेलर जोडल्यावर पुढचं टोक खाली आणायला मागे हवा मारत बसलात तर बारवरचा ताण सैल होतो आणि हिचचा उपयोगच जातो. टेप लावून माप घ्या, नजरेवर विश्वास ठेवू नका. त्याहून बरं म्हणजे हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, त्यावर एकदा नुसता ट्रक आणि एकदा ट्रेलरसकट चढवा. पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल, ट्रेलरचे अॅक्सल, तिन्हींचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. तो कागद दाराच्या स्टिकरशी ताडला की कोणत्याही मेसेजची गरज उरत नाही.

चासीबद्दलही एक सांगायला हवं. पाट्यांचा भार चासीवर पुढे आणि मागे दोन ठिकाणी येतो. एअर स्प्रिंगचा बरोबर मधे, अॅक्सलच्या डोक्यावर, एकाच जागी. अॅक्सलच्या मागे जड वजन लटकत असेल तर चासी त्याच जागी वाकायला बघते. ऑस्ट्रेलियात एअर बॅग लावून अतिभार टाकलेल्या डबल कॅब गाड्यांच्या चासी वाकल्याचे फोटो वर्षानुवर्षं छापून येतात.

100 पीएसआयचं आता थोडक्यात. 100 ही बहुतेक बेलोज (चासी आणि अॅक्सलमधे बसणारे फुगे) किटांची कमाल मर्यादा आहे, रोजचा दाब नव्हे. रिकामा ट्रक एवढ्या हवेवर पळवलात तर मागची चाकं खड्ड्यावर उडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. रिकाम्या गाडीत पुस्तिकेत दिलेला किमान दाब ठेवायचा, अनेक किटांत तो 5 पीएसआय असतो. अगदी शून्य करू नका, फुगा चुरगळून फाटतो. आत रबरी ठोकळा असलेलं किट असेल तर गोष्ट वेगळी.

एका नळीचा मुद्दा तर उलटाच आहे. वळणावर ट्रक बाहेरच्या बाजूला झुकतो, त्या बाजूचा फुगा दाबला जातो आणि नळी एक असेल तर त्यातली हवा आतल्या बाजूच्या फुग्यात निघून जाते. झुकाव कमी व्हायचा तिथे वाढतो. दोन बाजूंना दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह. बॉडीवर उंच कॅम्पर ठेवणाऱ्याने तर एका नळीचा विचारही करू नये.

‘किट कोणतंही चालतं’ हे धादांत खोटं. फोर्ड एफ-150 आणि सिल्व्हराडोला मागे पाटे असतात, तिथे चासी आणि अॅक्सलमधे बसणारे बेलोज लागतात. राम 1500 ला 2009 पासून आणि टोयोटा टंड्राला 2022 पासून मागे पाट्यांऐवजी कॉइल, म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग, आहे. कॉइलच्या आत बसणारे फुगे वेगळे असतात, त्यातल्या बहुतेकांचा दाब 35 पीएसआयच्या आतला आणि भार हजार पौंडांच्या आतला. काही राम 1500 ला तर कंपनीचंच एअर सस्पेन्शन असतं, त्यात बाहेरचं काही कोंबू नका.

आता जे खरं आहे ते मान्य करतो, मेसेजवाल्याला श्रेय न देता. मर्यादेत राहून माल नेणाऱ्याला एअर स्प्रिंग फार उपयोगी आहे. मागचा भाग बसत नाही, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत, खड्ड्यात धाडकन आपटत नाही. जादा पाटा टाकला तर रिकामी गाडीही कायमची कडक होते. हवा सोडून देता येते. आणि हो, पाट्यांच्या बहुतेक ट्रकांना एअर स्प्रिंगचं किट घरी बसवता येतं, सामान्य हत्यारांनी.

तेव्हा मावसभावाला जे सांगितलं ते इथेही लिहितो. आधी वजनकाटा, मग हिच, मग एअर स्प्रिंग. आकडा मर्यादेबाहेर जात असेल तर जनरेटर आणि सायकली घरी ठेव. तरीही जमत नसेल तर लहान ट्रेलर किंवा मोठा ट्रक, तिसरा उपाय नाही. बसवशील तेव्हा फुगवलेल्या फुग्याभोवती सगळीकडून मोकळी जागा आहे ना बघ, सायलेन्सरच्या पाइपाजवळ येत असेल तर उष्णतेची पट्टी लाव, नळी कात्रीने नको, धारदार ब्लेडने सरळ काप, आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गेज लावून दाब परत मोज. उतरला असेल तर गळती काढल्याशिवाय ट्रेलर जोडू नकोस.