बर्फ नको, आणि सिरिंज बघून घ्या

मधुमेह असताना देशोदेशी भटकण्यावरच्या लेखाखाली निपाणीच्या एका वाचकांनी लिहिलंय: ‘आजारी माणसाला असं फिरायला सांगणं बेजबाबदारपणाचं. वर म्हणता बर्फ नको! मग अथणीच्या उन्हात इन्सुलिन टिकणार कसं? आमच्याकडे सगळे बर्फातूनच नेतात.’

फिरायचं की नाही, ते ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. पायी पंढरपूर गाठणाऱ्या दिंड्यांतही मधुमेही असतातच की. उन्हाचा मुद्दा मात्र रास्त आहे. ‘थंड जागी ठेवा’ एवढ्यावर भागवायला नको होतं.

पण बर्फ नकोच. फ्रीझरमधला बर्फ उणे १८ अंशांच्या आसपास असतो, त्याला टेकलेली बाटली गोठू शकते. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला कधी कधी नितळच असतं, गुण मात्र गेलेला असतो. ते फेकायचं. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी. वापरात असलेली, बहुतेक प्रकारांत, ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालते. नेमके दिवस पाकिटावर छापलेले असतात. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात दोन मडकी घ्या, खानापूरची मिळाली तर उत्तमच. मोठ्यात वाळू, वाळूत लहान मडकं, त्यात कोरड्या डबीत बाटली, वर ओलं फडकं. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, मडकं सावलीत, वाऱ्याला. पाणी उडून जाताना गारवा देतं, म्हणून जांबोटीच्या पावसात ही युक्ती चालत नाही. तिथं तिची गरजही नसते म्हणा. विमानात इन्सुलिन हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

खरा धोका वेगळाच आहे, आणि तो ना तुमच्या प्रतिक्रियेत आला ना आमच्या लेखात. आपल्याकडच्या बाटल्या बऱ्याचदा मिलीलिटरला ४० युनिटच्या असतात, सिरिंजही त्याच मापाची, लाल टोपणाची. परदेशात बहुतेक ठिकाणी १०० युनिटची बाटली आणि नारिंगी टोपणाची सिरिंज. तिथली बाटली घेऊन आपल्या लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. साखर एवढी उतरू शकते की माणूस बेशुद्ध पडेल. उलट केलं, आपली बाटली आणि नारिंगी सिरिंज, तर २० च्या जागी ८ च जातात आणि साखर चढत राहते. इन्सुलिन टोचायच्या पेनात बसणारी काडतुसं आपल्याकडेही बहुतेक १०० चीच असतात, पण त्यातलं इन्सुलिन लाल सिरिंजनं ओढलं की तोच घोटाळा. त्यामुळे लागेल त्याच्या दुप्पट इन्सुलिन आणि त्याच मापाच्या सिरिंजा घरूनच न्या, दोन पिशव्यांत निम्मं-निम्मं, विमानात दोन्ही हाताशीच. बाहेर बाटली घ्यावीच लागली, तर सिरिंजही त्याच दुकानातून, टोपणाचा रंग आणि वरचा आकडा वाचून.