कुठल्या स्टेजला आहेस?

आज ऑफिसात चहा घेताना एकाने विचारलं, "मग, कुठली स्टेज चालू आहे तुझी? अँगर की ॲक्सेप्टन्स?" बाबांना जाऊन सव्वा महिना झालाय. मी कप ठेवला आणि उठून आले. तिथे तोंड उघडलं असतं तर वाईट बोलले असते, म्हणून इथे लिहितेय.

क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1969 साली ते पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार) मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या गळ्यात ते नंतर पडले. आता तर पार लोकलची स्टेशनं झालीत. मुलुंड गेलं, ठाणं आलं, चला उतरा!

हे टप्पे म्हणे 'ग्रीफ'चे, म्हणजे शोकाचे. रागारागात तो इंग्रजी शब्दच उकरून काढला. मूळ लॅटिन 'ग्राविस', म्हणजे जड. जुन्या फ्रेंचमधून 13व्या शतकात इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ होता हाल, जाच. न्यूटनची ग्रॅव्हिटी याच घरातली. आणि आपला 'गुरू', म्हणजे वृत्तं शिकताना लघू-गुरू मोजायचो तो, तोही याच कुळातला. त्याचाही मूळ अर्थ जड.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आई पाणी भरायला उठली. ओट्याखालच्या पितळी कळशीला हात घातला आणि तशीच वाकून राहिली. "उचलतच नाही गं, जड झालीय." मी जाऊन पाहिलं. कळशी रिकामी होती.

चौथीत शाळा सुटलेली बाई. तिला कुणी लॅटिन शिकवलं होतं?

मान्य, त्या टप्प्यांनी कुणाला धीर येत असेल. येवो बापडा. पण त्या वाकलेल्या बाईला विचारा बरं, कितवी स्टेज म्हणून! आणि हो, ऑफिसातला 'ग्रीव्हन्स सेल'सुद्धा याच शब्दाचा भाऊबंद आहे, तेव्हा माझी ही तक्रार हक्काची समजावी.

जाऊ दे. त्या पोराचं तरी काय चुकलं? काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं त्याने. बाकीच्यांनी तेवढंही विचारलं नाही. आमच्या शेजारच्या काकू रोज दुपारी यायच्या, आईजवळ बसून लसूण सोलायच्या, आणि न बोलता जायच्या. एवढा लसूण कशाला लागतो, हे मीही विचारलं नाही.

रात्री फोनवर आईला सगळं सांगितलं. ग्राविस, गुरू, कळशी. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं. जेवलीस का?"