शून्य आलं म्हणून निर्धास्त? आधी दुसरं पान बघा

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या ग्रुपवर एक मेसेज आला, दोन दिवसांत तोच आणखी तिघांनी पाठवला: ‘थायरॉईड कॅन्सरचं ऑपरेशन झालंय? वर्षातून एकदा थायरोग्लोब्युलिन करा. शून्य आलं तर कॅन्सर गेला, आकडा आला तर परत आला. सोनोग्राफीवर पैसे घालवू नका. लॅब कुठलीही चालेल.’

मी लॅबमध्ये रक्त काढतो. यातलं खरं एवढंच, की थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन फक्त थायरॉईडच्या पेशी बनवतात, मग त्या निरोगी असोत की पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर या प्रकारच्या थायरॉईड कॅन्सरच्या. पूर्ण ग्रंथी काढली आणि वर रेडिओआयोडीन (उरल्यासुरल्या थायरॉईड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन) दिलं, की ते रक्तात जवळजवळ सापडू नये. बाकी मेसेजचा एकेक तुकडा घेऊ.

‘शून्य आलं तर गेला.’ पंचवटीतल्या एक काकू आमच्याकडे येतात. मागच्या रिपोर्टवर पहिल्या पानावर ‘0.1 पेक्षा कमी’. काका काउंटरवरच म्हणाले, ‘‘चला, सुटलो एकदाचे!’’ रिपोर्टचा अर्थ सांगणं माझं काम नाही, पण पान उलटा म्हणायला कोणाची हरकत? दुसऱ्या पानावर अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटीबॉडी, म्हणजे याच प्रथिनाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, तीनशेच्या वर होत्या, म्हणजे बऱ्याच जास्त. चार-पाच रुग्णांमागे एकाच्या रक्तात या असतात. त्या थायरोग्लोब्युलिनला चिकटून बसतात, मशीनला ते दिसत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. अशा वेळी डॉक्टर अँटीबॉडीचाच आलेख पाहतात: वर्षागणिक उतरत असेल तर बरं, चढू लागला तर शोध घ्यायचा. आणि शोध कुठे? पॅपिलरी कॅन्सर परतला तर बहुधा मानेतल्या गाठींमध्ये. त्या दिसतात सोनोग्राफीत, म्हणजे मेसेजने वाया घालवू नका म्हटलेल्या पैशांत.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही काही मशीनवर हा आकडा खाली येतो. रक्त देण्याआधी सांगा, डॉक्टर त्या दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगतात.

‘आकडा आला तर परत आला.’ अर्धीच ग्रंथी काढली असेल तर उरलेली अर्धी ते बनवणारच. रेडिओआयोडीननंतरही आकडा उतरायला महिने लागू शकतात. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) वाढलेलं असेल तर आकडाही वर जातो, म्हणून दोन्ही एकाच नळीतून करतात. एका आकड्याने घाबरू नये, चढत चाललेल्या आकड्यांकडे दुर्लक्ष करू नये. उलटी गफलतही होते. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा ग्रंथी शाबूत असलेल्यांची असते, वरची बाजू कित्येकदा पन्नासच्या पुढे. ग्रंथी काढलेल्या माणसाचा नऊ आला तरी रिपोर्टवर ठळक अक्षर नाही, खूण नाही. घरचे म्हणतात, नॉर्मल आहे. आणि टीएसएच मात्र ठळक अक्षरात ‘कमी’ छापून येतं. काही रुग्णांत ते थायरॉईडच्या गोळीने मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. ते पाहून परस्पर गोळी अर्धी करणारे मी पाहिलेत.

‘लॅब कुठलीही चालेल.’ एकाच रक्ताचा आकडा दोन पद्धतींत वेगळा येतो, अँटीबॉडीचा तर फारच. एकदा कॉलेज रोडला, पुढच्या वेळी पंचवटी एक्स्प्रेसने परळला जाऊन तिथे, असं केलं तर फरक कॅन्सरचा की मशीनचा, कळायचं कसं? लॅब बदलावीच लागली तर जुने रिपोर्ट सोबत न्या आणि पद्धत तीच आहे का विचारा.

‘वर्षातून एकदा’ हेही सगळ्यांना एकच नाही. आजाराचा धोका पाहून डॉक्टर ठरवतात.

परवा एक दादा मोबाइलवर तोच मेसेज दाखवत म्हणाले, ‘‘हीच टेस्ट करा.’’ त्यांच्या ऑपरेशनच्या कागदावर लिहिलं होतं ‘मेड्युलरी’. तो कॅन्सर वेगळ्याच, सी-पेशींचा. त्या थायरोग्लोब्युलिन बनवतच नाहीत. मी नळी बाजूला ठेवली आणि त्यांना डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. दहा मिनिटांत चिठ्ठी आली: कॅल्सिटोनिन आणि सीईए, म्हणजे मेड्युलरीवर लक्ष ठेवायच्या रक्ततपासण्या.