थरथर गाडीची, खापर टॉर्क कन्व्हर्टरवर

अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांत होंडा ओडिसी, टोयोटा सिएना किंवा क्रायस्लरची एखादी मिनीव्हॅन ही घरची गाडी असते, त्यामुळे तिच्याविषयीचे सल्लेही घरच्यासारखेच न मागता मिळतात. त्यांतला एक संदेश वारंवार पुढे ढकलला जातो. त्याचा आशय असा: मिनीव्हॅनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लाख मैलांच्या आसपास जातोच, आणि त्याला कारण नेहमी टॉर्क कन्व्हर्टरच असतो, गाडी थरथरू लागली की कन्व्हर्टर संपला असे समजून सगळा गिअरबॉक्स बदलावा, जुन्या गाडीचे ट्रान्समिशन ऑइल चुकूनही बदलू नये, कारण ते बदलताच गाडी बंद पडते, ऑइल घालण्याची वेळ आलीच तर कोणतेही लाल ऑइल चालते, आणि कन्व्हर्टर वाचवायचा असेल तर प्रत्येक सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी. या विधानांत खऱ्याचा अंश अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. पण तो अंश जिथे आहे तिथून उचलून भलत्याच ठिकाणी लावला गेला आहे, आणि त्यामुळे लोकांचे हजारो डॉलर नको तिथे खर्च होतात.

आधी या यंत्राविषयी थोडेसे. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेला, तेलाने भरलेला आणि वेल्डिंग करून कायमचा बंद केलेला गोल डबा. त्यातला पंप इंजिनाबरोबर फिरतो आणि तेल समोरच्या टर्बाइनवर भिरकावतो, त्या तेलाच्या माऱ्याने टर्बाइन फिरते, आणि दोहोंच्या मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढवतो. हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये ही कल्पना मांडली ती जहाजांसाठी. तेल आणि पाती यांच्या या खेळात एकमेकांवर घासून झिजेल असे फारसे काही नसते. मात्र महामार्गावर सलग वेगाने जातानाही टर्बाइन पंपाच्या किंचित मागेच राहते आणि तेवढे इंधन तेल तापवण्यात वाया जाते. म्हणून डब्याच्या आत एक लॉक-अप क्लच बसवण्याची पद्धत रूढ झाली, जो ठरावीक वेगानंतर इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडतो. क्रायस्लरने तो १९७८ च्या मॉडेलांपासून आणला. झिजतो तो हा क्लच. शिवाय अलीकडच्या गाड्यांत तो पूर्ण पकडला जात नाही, तर इंजिनाची कंपने आत येऊ नयेत म्हणून संगणक त्याला मुद्दाम थोडासा घसरता ठेवतो. घाटात अर्ध्या क्लचवर गाडी रेटणाऱ्या ड्रायव्हरला आपण जे बोलतो, ते काम हा क्लच तेलात बुडून रोज करत असतो, आणि तेल चांगले असेपर्यंत ते बिनबोभाट निभावतो.

आता पहिले विधान पाहू. मिनीव्हॅनच्या गिअरबॉक्सची बदनामी ज्या प्रकरणांमुळे झाली, त्यांतले सर्वांत गाजलेले प्रकरण कन्व्हर्टरचे नव्हतेच. होंडाने २००२ च्या ओडिसीत २४० अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गिअरचा नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. एप्रिल २००४ मध्ये होंडाला अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या तपासणीसाठी माघारी बोलवाव्या लागल्या, ज्यांत २००२ ते २००४ च्या ओडिसीबरोबर पायलट, अकॉर्डची सहा सिलिंडरची आवृत्ती आणि अक्युराची काही मॉडेले होती. दुसऱ्या गिअरच्या चाकांना पुरेसे तेल मिळत नव्हते, ती तापत होती, दात तुटण्याची आणि चालत्या गाडीचा गिअरबॉक्स अचानक जाम होण्याची शक्यता होती. उपायही तसाच होता: १५,००० मैलांपेक्षा कमी चाललेल्या गाड्यांना त्या गिअरवर तेलाचा फवारा सोडणारी जोडणी बसवण्यात आली, आणि जास्त चाललेल्या गाड्यांत तापून रंग बदललेला दिसला तर गिअरबॉक्स बदलून देण्यात आला. होंडाचे त्या काळचे गिअरबॉक्स समांतर शाफ्टांवर दातेरी चाके असलेले, म्हणजे रचनेने मॅन्युअल गिअरबॉक्सच्या जवळचे होते, हे लक्षात घेतले की हा दोष दातांचा आणि वंगणाचा होता हे स्पष्ट होते. ज्याची ओडिसी त्या वर्षांत रस्त्यात अडकली, त्याने कन्व्हर्टरला शिव्या दिल्या असतील तर त्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या.

मिनीव्हॅनचे गिअरबॉक्स इतर गाड्यांच्या मानाने जास्त राबतात हे मात्र खरे आहे. रिकामी गाडीच जवळपास दोन टनांची, त्यात सात माणसे, टपावर सामान आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगराळ राज्यांचा प्रवास. त्यातच इंजिन आडवे बसवलेले आणि पुढची चाके ओढणारी असल्यामुळे गिअरबॉक्सला जागा बेताचीच, आणि अनेकदा तो सेडान गाडीचाच असतो. लांब चढावर वेग कमी होऊन लॉक-अप सुटतो, तेव्हा सगळा भार तेलावर येतो आणि तेल तापते. तेलाचे ऑक्सिडेशन तापमानाच्या प्रत्येक १० अंश सेल्सिअस वाढीमागे साधारण दुप्पट वेगाने होते, हा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम इथेही लागू पडतो. म्हणजे वजन आणि उष्णता हे खरे शत्रू आहेत, आणि त्यांचा पहिला बळी लोखंड नसून तेल असते.

दुसरे विधान सर्वांत महाग पडणारे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ताशी ३० ते ५० मैलांच्या दरम्यान हलका अ‍ॅक्सिलरेटर दिलेला असताना, रस्त्याच्या कडेच्या खाचांवरून चाक जावे तशी एक-दोन सेकंद थरथर जाणवते, ही लॉक-अप क्लचच्या तक्रारीची नेहमीची खूण आहे. शाळेतल्या फळ्यावर खडू उलट्या कलाने ओढला की सलग रेघेऐवजी ठिपक्यांची रेघ उमटते. खडू क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. क्लचच्या अस्तराचेही तेच होते. घसरण्याचा वेग वाढेल तसे घर्षण किंचित वाढत जावे अशी रचना तेलात घातलेल्या घर्षण-सुधारक द्रव्यांमुळे साधलेली असते. ही द्रव्ये उष्णतेने संपली की संबंध उलटा होतो, कमी वेगाला घर्षण जास्त होते, आणि क्लच चिकटत-सुटत राहतो. अशा वेळी अस्तर शाबूत असू शकते. बिघडलेले असते ते तेल. २०१२ आणि २०१३ च्या ओडिसीतील अशाच थरथरीवर होंडाने जो इलाज ठरवला, त्यात लॉक-अप चालवणारे सॉफ्टवेअर सुधारणे आणि तेल पूर्ण बदलणे या दोन गोष्टी होत्या. सगळा गिअरबॉक्स उतरवणे हा पहिला उपाय नव्हता.

शिवाय प्रत्येक थरथर लॉक-अपची नसते. साधी चाचणी अशी: मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ताशी ४५ मैलांच्या सलग वेगाने जाताना थरथर सुरू झाली की अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला केवळ स्पर्श करावा, म्हणजे मागचे दिवे लागतील पण गाडी मंदावणार नाही. ब्रेकचा इशारा मिळताच संगणक लॉक-अप सोडून देतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉक-अपवर, आणि तशीच राहिली तर तो इंजिनाचे माउंट, ॲक्सलचे सांधे किंवा टायर यांच्याकडे वळवावा. या चाचणीतही एक खोच आहे. इंजिनाचा एखादा सिलिंडर मधूनच पेटत नसेल तर तो धक्का लॉक-अप पकडलेला असताना थेट जाणवतो आणि सुटल्यावर तेलात विरून जातो, त्यामुळे दोष सिलिंडरला ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलचा असूनही आरोपी कन्व्हर्टरच दिसतो. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला गॅरेजने पाच हजार डॉलरच्या आत-बाहेरचा गिअरबॉक्सचा खर्च सांगितला होता. दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर लावून कोणता सिलिंडर किती वेळा चुकतो हे मोजले आणि एक कॉइल बदलून गाडी परत दिली. स्कॅनरवर पी०७४१ हा कोड आला तरी तो एवढेच सांगतो की लॉक-अप जितका पकडला जायला हवा तितका पकडला जात नाही. त्यामागे सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारी-मिटणारी विजेची झडप), व्हॉल्व्ह बॉडीतील, म्हणजे तेलाच्या वाटा असलेल्या ठोकळ्यातील, झिजलेली भोके किंवा तेलाचा कमी दाब असू शकतो. कोडला निदान समजणे म्हणजे तापाला आजाराचे नाव समजण्यासारखे आहे.

थरथरीचे आणखी एक कारण तेल बदलूनही न हटणारे आहे, ते म्हणजे तेलात शिरलेले पाणी. पुष्कळ गाड्यांत ट्रान्समिशन ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते, आणि तिथे गळती झाली की कूलंट तेलात मिसळते. तेलाला गुलाबी, दुधाळ रंग येतो, क्लचचे कागदी अस्तर पाणी शोषून फुगते आणि त्याचा गोंद सुटू लागतो. अशा गाडीत रेडिएटर न बदलता नुसता नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

तिसरे विधान, जुन्या गाडीचे तेल बदलू नये हे, अनुभवावर आधारलेले असल्यामुळे लोकांना पटते. अनुभव खोटा नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. बहुतेक लोक दीड लाख मैल तेलाकडे पाहत नाहीत, गिअर घसरू लागले की घाईने तेल बदलतात, आणि महिन्याभरात गिअरबॉक्स गेला की दोष तेलाला देतात. प्रत्यक्षात गिअर पकडणाऱ्या, गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचांची अस्तरे त्याआधीच संपलेली असतात. यंत्राने दाबाखाली तेल ढकलून आतली घाण हलवण्याविषयी सावध राहावे, हे मान्य. पण खालचा नट उघडून जेवढे निघेल तेवढे काढणे आणि तेवढेच नवे भरणे, यात ती जोखीम फारच कमी आहे. या पद्धतीत कन्व्हर्टरमधले तेल तसेच राहते, म्हणून एकदा बदलून भागत नाही. दर वेळी ४० टक्के तेल बदलते असे धरले, तर तीनदा केल्यावर जुने तेल साधारण २२ टक्के उरते. मध्ये थोडी गाडी चालवून हे तीनदा करण्याची पद्धत त्यामुळेच आहे. ‘आयुष्यभर चालणारे तेल’ हा शब्दप्रयोग विक्रेत्याच्या तोंडी शोभतो. देखभालीच्या पुस्तिकेत जड वाहतूक, टपावरचे सामान आणि ओढगाडी यांसाठी वेगळे वेळापत्रक दिलेले असते आणि मिनीव्हॅन बहुधा त्याच वर्गात बसते.

चौथ्या विधानाचा, म्हणजे कोणत्याही लाल तेलाचा, निकाल क्रायस्लरच्या इतिहासाने केव्हाच लावला आहे. १९८९ च्या मॉडेलांत क्रायस्लरने ए६०४ हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा चार गिअरचा गिअरबॉक्स आणला आणि तो तिच्या मिनीव्हॅनमध्ये सर्रास बसला. त्याचे क्लच कंपनीच्या ७१७६ या स्वतंत्र प्रकारच्या तेलासाठी बेतलेले होते. तरीही गाडीसोबतच्या सूचनांत ते न मिळाल्यास जनरल मोटर्सच्या मानकाचे डेक्स्रॉन चालेल अशी मुभा होती, आणि डेक्स्रॉन कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावरही मिळत असल्यामुळे गॅरेजांनी ती मुभा मनापासून वापरली. दोन्ही तेले लालच होती, पण घर्षणाचे गुण वेगळे होते, आणि लॉक-अपची थरथर त्या गिअरबॉक्सच्या नावाला चिकटली. पुढे कंपनीने ही सवलत काढून टाकली आणि एटीएफ+३, नंतर एटीएफ+४ हीच तेले सांगितली (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल). लाल रंग हा गळती ओळखता यावी म्हणून घातलेला आहे. डब्यावर रंग पाहण्यापेक्षा होंडाच्या अनेक गाड्यांसाठी डीडब्ल्यू-१, टोयोटाच्या अनेक गाड्यांसाठी डब्ल्यूएस, असे आपल्या गाडीचे मानक छापलेले आहे का हे पाहावे.

सिग्नलच्या सल्ल्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. इंजिन मंद फिरत असताना कन्व्हर्टरमध्ये निर्माण होणारी उष्णता कूलर सहज वाहून नेतो, उलट प्रत्येक वेळी न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये येताना गाडी पुढे नेणारा गिअरबॉक्समधला क्लच एकदा विनाकारण राबतो. आणि २०२१ पासूनची सिएना किंवा भारतातली इनोव्हा हायक्रॉसची हायब्रिड आवृत्ती ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर मुळात नाहीच. हा संदेश त्यांनाही तितक्याच कळकळीने पाठवला जातो.

कन्व्हर्टर खरोखर निकामी होतो, आणि त्याची लक्षणे थरथरीपेक्षा वेगळी असतात. स्टेटरचा एकाच दिशेने फिरणारा क्लच दोन्हीकडे फिरू लागला तर गाडी जागेवरून उठताना मरगळलेली वाटते पण महामार्गावर ठीक चालते. तोच क्लच अडकून बसला तर सुरुवात चांगली होते आणि मोठ्या वेगाला गाडी गुदमरून तेल तापते. आतले बेअरिंग गेले तर गिअर पडलेला असताना किरकिर ऐकू येते आणि तेलात धातूचा चुरा दिसतो. लॉक-अपचे अस्तर जळून सुटले असेल तर तेल काळे होऊन करपल्याचा वास येतो. अशा स्थितीत कन्व्हर्टर बदलावाच लागतो, कारण बंद डबा धुऊन स्वच्छ करता येत नाही. दुरुस्त केलेले कन्व्हर्टर लेथवर कापून, आतले भाग बदलून पुन्हा वेल्ड केलेले असतात. तो बदलताना गॅरेजला एक प्रश्न जरूर विचारावा: तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या का, की बदलल्या? त्यात अडकलेला जुना चुरा नव्या तेलाबरोबर पहिल्याच दिवशी परत आत जातो.