दर मे महिन्यात मतदान, तरी वोकिंग बुडालंच

इंग्लंडमधल्या वोकिंग गावातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर एप्रिलमध्ये कुणीतरी विचारतंच, "आपल्याला मत देता येतं का?" येतं. पासपोर्ट भारताचा असला तरी येतं. इथे रीतसर राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकाला कौन्सिलच्याच (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्याच) काय, पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत आहे. नाव नोंदवायचं, गुरुवारी सकाळी सात ते रात्री दहाच्या मध्ये कधीतरी जाऊन यायचं, आणि 2023 पासून फोटो ओळखपत्र लागतं त्यासाठी आपला तोच निळा पासपोर्ट चालतो.

मग लगेच पुढचं वाक्य येतं, "पण मत देऊन करायचंय काय? निवडणूक तर कचऱ्याच्या डब्यांची!" ही पोस्ट या वाक्यासाठी आहे. लांबलचक आहे, आधीच सांगते.

थोडा इतिहास. सरे काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) अकरा डिस्ट्रिक्ट, वोकिंग त्यातलं एक. 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाख चार हजारांच्या आसपास. 1972 च्या कायद्याने इंग्लंडभर जी नवी डिस्ट्रिक्ट कौन्सिलं निघाली, त्यात आमचं बरो कौन्सिल आलं (बरो हे डिस्ट्रिक्टचंच मानाचं नाव). 1973 मध्ये पहिलं मतदान, 1 एप्रिल 1974 पासून कारभार सुरू. शाळा, रस्ते, वृद्धांची देखभाल हे सगळं काउंटीकडे. बरोकडे कचरा, बांधकाम परवानग्या, कौन्सिलची घरं, पार्किंग, बागा, पोहण्याचा तलाव. कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, बिलातला मोठा वाटाही काउंटीच नेते, बरोच्या वाट्याला त्यातला लहानसा तुकडा येतो.

वोकिंगमध्ये निवडणूक तुकड्यातुकड्याने होत आली. एक तृतीयांश जागा एका वर्षी, एक तृतीयांश पुढच्या, उरलेल्या त्यानंतर, आणि चौथं वर्ष काउंटीच्या निवडणुकीसाठी मोकळं. 2016 मध्ये प्रभागरचना बदलली, 36 चे 30 नगरसेवक झाले. दहा प्रभाग, प्रत्येकी तीन. त्या वर्षी सगळ्याच जागा एकदम निवडल्या. प्रभागात पहिला आला त्याला चार वर्षं, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. त्यानंतर पुन्हा तुकडे सुरू.

ऐकायला छान वाटतं. दरवर्षी लोकांसमोर उभं राहायचं, दरवर्षी हिशेब द्यायचा. तिकडे मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकच बसला होता, त्या मानाने आम्ही नशीबवान. मला मात्र हे तुकड्यांचं प्रकरण पटत नाही. एका वर्षात दहा जागा हलणार, त्यातल्या निम्म्याअधिक पक्क्या. म्हणजे लढाई चार-पाच जागांची. मग सगळं राजकारण त्या चार-पाच प्रभागांतल्या खड्ड्यांवर आणि पार्किंगवर येऊन थांबतं. संपूर्ण कौन्सिलचा हिशेब एका दिवशी मागायची सोयच नाही.

दारातल्या फटीतून पडणारी पत्रकं एकदा नीट वाचून बघा. माझ्याकडे ड्रॉवरमध्ये गठ्ठा आहे. उमेदवार खड्ड्याकडे बोट दाखवून गंभीर चेहऱ्याने उभा. (रस्ते काउंटीचे! बरोच्या उमेदवाराचा त्या खड्ड्याशी काडीचा संबंध नाही, पण फोटो हवाच.) खाली तीन खांबांचा आलेख, त्यात तिसऱ्या पक्षाचा खांब पट्टीने मोजला तर आकड्याशी जुळत नाही इतका बुटका, आणि वर ठळक अक्षरात, "इथे ते जिंकूच शकत नाहीत." वर्षानुवर्षं इथे मुख्य सामना कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्यात. कधी एकाचं बहुमत, कधी कुणाचंच नाही. मेबरी आणि शीअरवॉटर प्रभागातली 2012 ची निवडणूक तर गैरप्रकारांमुळे पुढच्या वर्षी कोर्टाने रद्द केली. 2018 मध्ये ओळखपत्र दाखवून मतदानाचा प्रयोग देशातल्या पाच ठिकाणी झाला, त्यातही आम्ही होतो. म्हणजे निवडणुकीबाबत कुणी झोपलेलं नव्हतं. मतपेटीवर कडक पहारा होता.

आणि त्याच काळात तिजोरीला भगदाड पडत होतं.

स्टेशनबाहेर पडलं की समोर जे उंच मनोरे दिसतात ना, व्हिक्टोरिया स्क्वेअरचे, चौतीस मजल्यांपर्यंतचे, शेजारी हॉटेल, खाली दुकानं, ते सगळं कौन्सिलने कर्ज काढून उभं केलं. 2003 च्या कायद्यानंतर कौन्सिलांना कर्जासाठी प्रत्येक वेळी लंडनची, म्हणजे केंद्र सरकारची, परवानगी लागेनाशी झाली. "परवडेल तेवढं घ्या" एवढाच दंडक, आणि परवडतं की नाही हे ठरवणार कौन्सिलच. सरकारी कर्जखात्याकडून स्वस्तात पैसा उचलायचा, आपल्याच कंपन्यांना द्यायचा, त्यातून इमारती उभ्या करायच्या, भाड्यातून व्याज फेडायचं. 2015 मध्ये कौन्सिलांच्या हिशेबांवर नजर ठेवणारं ऑडिट कमिशनही गुंडाळलं गेलं, तेव्हा वरून नजर ठेवणारंही फारसं कुणी उरलं नाही. शिवाय धंद्याची गुपितं म्हणून लोकांना बाहेर काढून बंद दाराआड चर्चा करायची मुभा कायद्यातच आहे.

2022 च्या मे महिन्यात लिबरल डेमोक्रॅट बहुमताने आले. 7 जून 2023 ला कौन्सिलने कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे सरळ सांगायचं तर दिवाळं. हातात त्या वर्षाचा मूळ निधी 1.6 कोटी पौंड, आणि तूट 1.2 अब्ज पौंड. रुपयांत बारा हजार कोटींच्या वर. एक लाख वस्तीच्या गावाची! तूट निधीच्या पंचाहत्तर पट. मग अनुदानं कापली, सार्वजनिक शौचालयांच्या खर्चावरही कुऱ्हाड आली, आणि कारभारावर सरकारने आधीच मे महिन्यात माणसं बसवली होती.

बहुतेक कर्ज कॉन्झर्व्हेटिव्ह कारभारात निघालं होतं, म्हणून 2 मे 2024 ला लोकांनी त्यांच्यावर राग काढला. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा एकही नगरसेवक उरला नाही. 30 पैकी 24 लिबरल डेमोक्रॅट, पाच अपक्ष, एक लेबर. वोकिंगसारख्या गावात कॉन्झर्व्हेटिव्ह शून्यावर, हे काही वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. ग्रुपवर बरेच जण खूश झाले, "बघा, लोकशाहीने धडा शिकवला." शिकवला, मान्य. पण पैसा गेल्यावर. आणि कर्जाच्या ठरावांना हात वर करणारे कित्येक जण तोवर घरी बसलेले.

माझं खरं भांडण पुढे आहे. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स ठरावीक टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर स्थानिक सार्वमत घ्यावं लागतं. डिस्ट्रिक्टसाठी ती मर्यादा सध्या तीन टक्के किंवा पाच पौंड, यातलं जे जास्त असेल ते. असं सार्वमत प्रत्यक्षात एकदाच झालं, 2015 मध्ये बेडफर्डशरच्या पोलिसांच्या करासाठी, आणि लोकांनी ते सपशेल फेटाळलं. म्हणजे वर्षाला दहा-वीस पौंड जास्त मागायचे तर लोकांना विचारा, आणि वार्षिक निधीच्या शंभर पट कर्ज काढायचं तर कुणालाच विचारायला नको. नगरसेवकाच्या उमेदवाराने प्रचारावर किती खर्च करावा यालाही कडक मर्यादा आहे, हजार पौंडांच्या आतली मूळ रक्कम अधिक मतदारामागे काही पेन्स. पत्रकाच्या छपाईचा हिशेब पेन्सात, मनोऱ्यांचा अब्जात.

कळस म्हणजे, दिवाळं निघाल्यावर 2024-25 साठी सरकारने वोकिंगला दहा टक्के करवाढीची खास सूट दिली. सार्वमताशिवाय! लोकांना विचारायचा जो एकमेव नियम होता, तोही नेमका आम्हाला माफ.

मला विचाराल तर उपाय साधा आहे. तुकड्यातुकड्यांची निवडणूक बंद करा, चार वर्षांनी सगळ्या जागा एकदम निवडा. आणि कर्ज निधीच्या ठरावीक पटीपलीकडे जात असेल तर ते त्याच दिवशी मतपत्रिकेवर छापा. "हे लोकांना कळत नाही" असं म्हणणाऱ्यांना एकच विचारेन, कळणाऱ्यांनी काय दिवे लावले?

आता वोकिंग बरो कौन्सिलच जाणार आहे. अकरा डिस्ट्रिक्ट आणि काउंटी मोडून एप्रिल 2027 पासून ईस्ट सरे आणि वेस्ट सरे अशी दोनच कौन्सिलं. आम्ही वेस्टमध्ये, सोबत गिल्डफर्ड, वेव्हर्ली, सरे हीथ, रनीमीड, स्पेलथॉर्न. सरकारने कर्जातले 50 कोटी पौंड फेडायचं कबूल केलंय. उरलेलं नव्या कौन्सिलच्या गळ्यात. गिल्डफर्डच्या ज्या माणसाने आयुष्यात कधी वोकिंगच्या मतपत्रिकेवर फुली मारली नाही, त्याच्या बिलातही आमचे मनोरे येणार. तो आत्ताच ओरडतोय, आणि मला त्याचं काही चुकतंय असं वाटत नाही.

ग्रुपवरच्या ज्यांनी अजून नाव नोंदवलेलं नाही त्यांनी कॉमेंटमध्ये लिहा, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा.